आण घातलेलं कुरण

नवऱ्याला मी लग्नाआधीपासून अरे-तुरे करते. सासूबाईंना ते कधीच रुचलं नाही. पण आमची ओळखच मुळी डोंगरात झालेली, आणि पायवाटेवर पुढे चाललेल्या माणसाला 'अहो, जरा थांबता का' असं म्हणेपर्यंत तो वळणाआड गेलेला असतो. लग्नानंतरही सुट्टी मिळाली की आम्ही निघायचो. वेरूळच्या मागचे डोंगर, म्हैसमाळचं पठार, कन्नडच्या पुढची सातमाळ्याची रांग. तो पुढे, मी मागे. वाट त्याच्या डोक्यात आणि डबा माझ्या पाठीवर, अशी आमची वाटणी होती.

मग एका सकाळी दाढी करता करता त्याच्या हातातून ब्रश पडला आणि त्याचं उजवं अंग गेलं. वाचाही गेली. डावा हात, डोळे आणि मूळचा तापट स्वभाव एवढं शिल्लक राहिलं. दवाखान्यात पहिल्यांदा ताट समोर आलं तेव्हा त्याने डावा हात पुढे केला होता. मी तो हलकेच बाजूला सारला, 'अरे, डावा आहे तो,' म्हटलं, आणि भात कालवून त्याला घास भरवला. कुणीही हेच केलं असतं. जेवणाचा हात कुठला आणि बाकीच्या कामांचा कुठला, हे आपल्याकडे पाळण्यातच शिकवतात.

त्या दिवसापासून तो फक्त माझ्या हातून जेवू लागला. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की दातखीळ बसल्यासारखा तोंड मिटून घ्यायचा. एकदा मी जालन्याला भाच्याच्या लग्नाला गेले. दिवसभरासाठी एक बाई ठेवली होती. तिने परोपरीने विनवलं, पण याने पाण्याचा घोट सोडून काही घेतलं नाही. सकाळची मधुमेहाची गोळी पोटात, वर अन्नाचा कण नाही. मी आले तेव्हा तो घामाने निथळत होता आणि हाक मारली तरी डोळे उघडत नव्हता. त्या दिवशी तो वाचला. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि मला बजावलं की काहीही होवो, दिवस मावळायच्या आत याच्या पोटात काहीतरी गेलंच पाहिजे.

झालं. उस्मानपुऱ्यातलं आमचं घर, दुसरा मजला, खाली भाजीवाले आणि रिक्षा, आणि खिडकीत मी. भाजी आणायला गेले तरी जिवाला घोर. दोन वर्षं मी कुठल्याही घरात पुरता चहा प्यायले नाही, अर्धा टाकून पळत यायची. लोक म्हणायचे, 'धन्य आहात हो तुम्ही.' मला धन्य व्हायचं नव्हतं, मला चालायचं होतं. पण हे बोलायची सोय नव्हती. नवरा खाटेवर पडलेला असताना बायकोचे पाय शिवशिवतात, हे ऐकायला कुणालाच बरं वाटत नाही. म्हणून मी चिडचिड करायची. भांड्यांवर, भाजीवाल्यावर आणि बिचाऱ्या त्याच्यावरसुद्धा.

शेजारच्या आपांना ते दिसत होतं. आमच्या दोन्ही घरांची एकच भिंत. त्यांच्याकडचा कुकर झाला की शिट्टी मला कळायची आणि माझी आदळआपट त्यांना. एका संध्याकाळी त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम कल पहाड को जाव. मैं बैठती हूँ भाईजान के पास."

"आपा, तुमचे रोजे चाललेत."

"तो? रोजे में बैठने को क्या होता? सहरीला उठतेच मी. तुम तडके निकलो."

मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदाही नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत त्या निघून गेल्या होत्या.

दसरा तोंडावर आला होता. मी पहाटे त्याला पोटभर खिचडी भरवली, गोळी दिली आणि सांगितलं की मी डोंगरात जाऊन येते, दिवस मावळायच्या आत परत. त्याने माझ्या पायांतल्या बुटांकडे बघितलं. किती तरी वेळ बघत राहिला. त्यात राग होता की काय होतं, मला समजलं नाही, आणि समजून घ्यायला मी थांबलेही नाही. पहिल्या एस.टी.ने निघाले. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. हातात मोबाईल आले होते, पण डोंगरात त्यांचा उपयोग वेळ बघण्यापुरता.

कन्नडच्या पुढे घाटमाथ्यावर उतरले आणि रांग धरून चालू लागले. डाव्या हाताला खाली खानदेश पसरलेला, उजवीकडे आमचा मराठवाडा, आणि मधल्या धारेवर मी एकटी. गवत पिवळं पडायला लागलं होतं. सुरुवातीला मला धड चालताच येईना. दहा पावलं झाली की कान मागे जायचे. कण्हण्याचा आवाज आला का? खाट वाजली का? मग हळूहळू पायांना सगळं आठवलं. श्वासाची आणि पावलांची गाठ पडली. मी मोठमोठ्याने गाणी म्हटली, रागावले, कुणाकुणाला मनसोक्त शिव्या दिल्या. ऐकायला वाऱ्याशिवाय कुणी नव्हतं. एवढा आनंद मला किती तरी दिवसांत झाला नव्हता.

ठरवलं असं होतं की दुपारपर्यंत रांगेवरून चालायचं, मग खिंडीतून आतल्या बाजूच्या गावात उतरायचं आणि तिथून कन्नडची गाडी पकडायची. खिंडीला लांबचा वळसा होता. आणि मला तर वरूनच सगळं दिसत होतं: खाली एका टप्प्यावर गवताचं हिरवं-पिवळं मैदान, त्याच्यापलीकडे मेंढपाळांची वस्ती, वस्तीपलीकडे डांबरी रस्ता. मैदानापर्यंत एक घळ सरळ उतरत होती. तो असता तर म्हणाला असता, वळसा घाल. तो नव्हता, म्हणून मी घळीत शिरले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

घळीच्या मध्यावर कातळाची एक पायरी लागली. दोन पुरुष उंच असेल. शेवाळ होतं, पण मी बसून, पाठ टेकून, घसरत खाली आले. तळहात सोलवटला, सॅक फाटली. खाली पोचल्यावर सवयीने वळून बघितलं. चढताना धरायला वर बोटभर खाच नव्हती. असू दे, म्हटलं, वर जायचंय कुणाला?

मैदानात गवत कमरेएवढं होतं. त्यातून चालताना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते उमगेना. मग ध्यानात आलं. एवढं गवत, आणि कुठे शेणाचा पो नाही, लेंडी नाही, खुराची खूण नाही. वस्ती हाकेच्या अंतरावर आणि इथे एक शेळी फिरकलेली नाही. तेव्हाच कळायला हवं होतं. एका बाजूला कडा वर गेलेला, दुसऱ्या बाजूला कडा खाली तुटलेला, आणि बाहेर पडायला पुढच्या टोकाला एकच तोंड. ते काट्यांनी बंद केलेलं.

बोरीच्या आणि बाभळीच्या फांद्या एकीवर एक रचून माझ्या डोक्यापेक्षा उंच ढीग घातला होता. बुंधे सगळे पलीकडे, काटे सगळे माझ्याकडे. लावणाऱ्याने पलीकडून लावल्या होत्या आणि तो पलीकडेच राहिला होता. फटीतून बाहेरचा एक दगड दिसत होता, त्याला शेंदूर फासलेला. मी ओढणी हाताला गुंडाळली आणि एक फांदी ओढली. तिच्याबरोबर चार फांद्या आल्या आणि माझ्या बाहीत रुतल्या. दुसरी ओढली तोच पलीकडून कुणीतरी किंचाळलं.

"हात लावू नका! आण हाय तिथं!"

फटीतून बघितलं तर तिशीतली एक बाई, डोक्यावर पदर, हातात काठी, मागे शेळ्या. माझ्याकडे भूत बघितल्यासारखी बघत होती.

"आत कशा गेलात?" तिने विचारलं.

"वरून. घळीतून घसरत आले."

"मंग तशाच वर जावा की."

"वर जाता येत असतं तर तुमच्याशी बोलत बसले असते का? काट्या काढा जरा. मला गाडी गाठायचीय."

"मला नाय काढता येत."

"मी आतून ढकलते, तुम्ही बाहेरून ओढा."

"तसं नाय, बाई. म्हसोबाची आण हाय. दसऱ्यापस्तोर कुरण बंद. ज्यानं काट्या लावल्या त्यानंच काढायच्या. दुसऱ्याचा हात लागला तर जित्राबाला बाधतं."

हळूहळू मला उलगडा झाला. पोळा झाला की वस्तीतल्या म्हाताऱ्याने देवाच्या नावाने आण घालून हे कुरण बंद करायचं, आणि दसऱ्याला त्यानेच उघडायचं. मग सगळ्यांची जनावरं एकदम आत. तोवर गवत वाढू द्यायचं, म्हणजे उन्हाळ्याची बेगमी होते. म्हातारा म्हणजे तिचा सासरा. या साली राखण तिच्याकडे होती. मी एरवी या सगळ्याचं कौतुक केलं असतं. त्या वेळी मला कौतुक सुचलं नाही.

"माझा नवरा आजारी आहे," मी म्हटलं. "माझ्याशिवाय कुणाच्या हातून जेवत नाही. मी दिवस मावळायच्या आत गेले नाही तर त्याच्या जिवाला धोका आहे. उपाशी आहे तो."

"माझाबी उपाशीच हाय. त्याची भाकर माझ्यापाशी हाय," ती म्हणाली. थट्टा करत नव्हती. खरोखर तिच्या कमरेला फडक्यात भाकरी बांधलेली होती.

माझं डोकं फिरलं. 'तुमची आण ठेवा तुमच्यापाशी' असं काहीतरी बोलले आणि दोन्ही हातांनी काट्या उपसायला लागले. ती अडवायला आली नाही. येऊ शकतही नव्हती म्हणा. तिने फक्त काठी खाली ठेवली आणि तिथेच बसली.

"काढा," ती म्हणाली. "तुमचं काय, तुमी शेरात जाल. मला इथंच राहायचंय. मागच्या साली कुणाच्या शेळ्या शिरल्या आत. मंग एक म्हैस मेली. राखण जावंकडं हुती. अजून तिच्याशी कुणी धड बोलत नाय. पाण्यालाबी एकटी जाती."

माझे हात थांबले. शिव्या दिल्या असत्या, भांडली असती, तर मी काट्यांतून वाट काढलीच असती, रक्तबंबाळ होऊन का होईना. पण तिचं ते 'एकटी जाती' मला ओलांडता येईना. अशी मी कातळ आणि काटे यांच्यामध्ये बसले. इकडे आड, तिकडे विहीर.

"सासऱ्यांना बोलवा मग," मी म्हटलं.

ती उठली, तोंडाभोवती हात धरले आणि दरीपलीकडे हाळी दिली. लांबलचक, शेवटी उंचावणारी. थोड्या वेळाने वस्तीतून तशीच हाळी परत आली. मला त्यातला शब्द कळला नाही. तिला कळला.

"मामा बाजाराला गेलेत. येतील दुपारच्याला."

"दुपारच्याला म्हणजे कधी?"

"येतील की."

आता सांगायला सोपं वाटतं, पण ती दुपार मी कशी काढली ते माझं मला माहीत. सावली कड्यापासून निघाली आणि गवतावरून माझ्याकडे सरकू लागली. मोबाईल उंच धरून मी त्या बंदिवासाच्या चारही बाजू फिरले. घळीपाशी जाऊन पुन्हा चढायचा प्रयत्न केला, पायरीच्या निम्म्यावरून खाली आले आणि गुडघा फोडून घेतला. कड्याच्या टोकाशी पालथी पडून खाली बघितलं. एस.टी.चा रस्ता दिसत होता. दुपारची गाडी आली, थांबली, कुणीतरी चढलं, गाडी गेली. मी पालथी पडून ते सगळं बघितलं.

मला त्याचा राग आला. कड्याच्या टोकाशी पडल्या पडल्या मी त्याला म्हटलं, अरे, एक घास दुसऱ्याच्या हातून घेतलास तर काय जातं तुझं? माझ्यावर एवढा जीव असेल तर मला असं बांधून कशाला ठेवलंस? मग तो घामाने निथळलेला चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी रडले. घरी अडकले होते म्हणून डोंगरात आले आणि डोंगरात अडकले तर घराकडे जीव ओढतोय. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. फरक इतकाच की घरी निदान रागवायला तो समोर असायचा.

रडण्याचा आवाज बाहेर गेला असावा. काट्यांवरून एक फडकं आत येऊन पडलं. अर्धी भाकरी आणि ठेचा.

"खावा," पलीकडून आवाज आला.

"ही तुमच्या नवऱ्याची आहे ना?"

"त्याची निम्मी ठिवली हाय."

मला घास उतरेना. भाकरी तशीच फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. ती पलीकडे बसली होती. शेळ्या लांब गेल्या की उठायची, वळवून आणायची आणि परत त्याच जागी बसायची. एकदा तिने विचारलं, "लई जीव हाय का वं तुमच्यावर मालकाचा?" मी म्हटलं, "व्हय." मग म्हटलं, "ठाऊक नाही." ती हसली. तिला दोन्ही उत्तरं पटली असावीत.

म्हातारा आला तेव्हा सावली माझ्या अंगावरून पुढे गेली होती. काठी टेकत, डोक्यावर बाजाराचं गाठोडं, मागून कुणी धावत नसल्यासारखा निवांत. सुनेने त्याला सगळं सांगितलं. त्याने फटीतून मला बघितलं. शेंदराच्या दगडाला बघितलं. मग सुनेकडे वळला.

"कवापासनं बसलीत ह्या?"

"दुपार व्हायच्या आधीपासनं."

"आन् तू काट्या काढल्या नाहीस?"

"मामा, तुमीच म्हणला हुता, कुणी हात लावायचा नाय!"

"अगं, आण जनावराला असती! गवताला असती! माणूस आत अडकल्यावर कसली आण?" तो दगडाकडे हात करून म्हणाला, "त्यो काय एवढा खुळा हाय व्हय?"

आणि मी, जिला त्याच्या पाया पडायला हवं होतं, ती जोरात ओरडले, "मग तुम्ही तसं सांगून का नाही ठेवलं?"

म्हाताऱ्याने मला रागावू दिलं. बेचक्याच्या काठीने तो एकेक फांदी बाजूला घेत होता. "माणूस आत असंल हे कुणाच्या ध्यानात येतंय, ताई?" तो म्हणाला. "काट्या लावताना आपुन भायेरच असतो."

मी बाहेर आले. निघाले तेव्हा त्याने मला थांबवलं आणि एक फांदी, बुंध्याकडून धरून, माझ्या हातात दिली. बाहेर पडणाऱ्याने एक काटी आपल्या हाताने लावायची. मी लावली. सुनेने माझ्याकडे बघितलं नाही. मी परत केलेलं भाकरीचं फडकं ती कमरेला बांधत होती आणि तिचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त उतरलेला होता.

रस्त्यावर एक काळी-पिवळी जीप मिळाली. कन्नडला पोचताच फोन लागला. आमच्या घरी फोन नव्हता, आपांच्या घरचा वाजत राहिला. परत लावला. परत वाजला. कुणी उचललं नाही. एस.टी. निघाली तशी मी दर फाट्यावर फोन लावत होते. शेजारचा माणूस शेवटी म्हणाला, "बाई, सब खैरियत होगी." मी पुन्हा नंबर दाबला. वेरूळ मागे पडलं. खुलताबादेत गाडी थांबली तेव्हा सूर्य बुडाला आणि अजान सुरू झाली. गाडीत पिशव्या उघडल्या गेल्या. त्या माणसाने कागदाची पुडी सोडली, त्यातला पहिला खजूर माझ्यापुढे धरला. "लीजिए." मी घेतला. नाही म्हणायचं बळ नव्हतं. पण तोंडात घालवेना. डॉक्टरांनी घालून दिलेली वेळ माझ्या डोळ्यांदेखत टळली होती. तो खजूर मुठीत धरून मी दौलताबादचा किल्ला अंधारात जाताना बघितला.

आमचा जिना मी कसा चढले ते आठवत नाही. दार लोटलेलं होतं. आत दिवा होता. पहिल्यांदा मला चादर दिसली: वरण सांडलेलं, भाताची शितं विखुरलेली. त्याच्या सदऱ्यावर पिवळे डाग, हनुवटीवर शितं, उशीवर शितं. झटापट झाली असणार असंच वाटलं मला. तो डोळे मिटून पडलेला.

मग त्याने डोळे उघडले आणि मला बघून ढेकर दिली.

आपा मोरीतून हात पुसत आल्या. "आ गए? देखो ताई, मैं पहलेच बोलती हूँ, चादर का रागवू नका. मी धुऊन देते."

"आपा, फोन का नाही उचलला?"

"फोन उधर, मैं इधर. इनको छोड के कैसे जाती?"

"जेवला? तुमच्या हातून जेवला?"

"मेरे हाथ से?" आपा हसल्या. "नक्को बोलो. दुपारी मी चमचा नेला तर तोंड असं बंद. मी घाबरले, पर जबरदस्ती नहीं करी. बोली, ठीक है भाईजान, आज तुम्हारा भी रोजा. मग अजान झाली. मी इथेच बसले रोजा खोलायला. अब सामने आदमी भूका पड्या है, मैं अकेली कैसे खाऊँ? आधा खजूर मैं खायी, आधा उनके हाथ में दे दी."

"हातात?"

"हौ. जो हाथ चलता वो हाथ में." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या जरा ओशाळल्या. "बायाँ है, मालूम है मेरे कू. हमारे में भी बाएँ से नहीं खाते. पर आदमी का एकीच हाथ बचा, तो अल्ला क्या बोलेगा? फिर थाली रखी सामने. पूरा अपने हाथ से खाये. गिराये बहुत."

मी खाटेजवळ जमिनीवर बसले. दोन वर्षं. फिजिओथेरपीवाला त्याच डाव्या हातात चेंडू द्यायचा, तो दाबायचा, आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. घास द्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. आणि मी समजत होते की त्याला माझाच हात हवा. त्याला कुणाचाच हात नको होता. माझा तो सोसत होता, इतकंच. बाकीच्यांपुढे तोंड मिटता येत होतं, तेवढं मिटत होता. मिटण्यासारखं त्याच्याकडे दुसरं होतं काय?

आपा हळूच निघून गेल्या. मला त्यांचे उपकार मानायचे होते, पण त्या क्षणी मला त्यांचा हेवा वाटत होता. खोटं कशाला सांगू? मी सुटले होते आणि सुटल्याचं मला सुख होत नव्हतं. रडू आलं ते कुठलं, कड्यावरचं उरलेलं की आत्ताचं, माझं मलाच समजलं नाही.

माझी मूठ अजून मिटलेलीच होती. त्याची नजर तिच्यावर गेली. मग खरचटलेल्या कोपरावर, फाटलेल्या बाहीवर, अडकलेल्या काट्यांवर. डोंगराच्या वाटेवर कोण कुठे पडलं असेल हे त्याला बघून कळायचं. कपाळाला आठी पडली. वळसा का नाही घातला, असं ती आठी विचारत होती.

"चुकलं," मी म्हटलं. "घळीतून उतरले."

त्याने डावा हात पुढे केला. दवाखान्यात केला होता तसाच. मी मूठ उघडली आणि चेपलेला, घामेजलेला खजूर त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो तोंडाशी नेला, अर्धा तोडला आणि सावकाश चघळून गिळला. मग उरलेला अर्धा माझ्यापुढे धरला.

मी तोंड उघडलं.